सहा पौंड शिसं

नंदकुमार पिंगळे यांनी कॅल्गरीत एकतीस वर्षं तेलाच्या पाइपलाइनींच्या सुरक्षिततेचं काम केलं. म्हणजे नेमकं काय केलं, तर कुठलंही काम सुरू व्हायच्या आधी ते थांबवलं. हातात चेकलिस्ट घेऊन ते साइटवर आले की वेल्डर मुकाट्यानं टॉर्च खाली ठेवून कॉफी प्यायला जात. आता तासभर तरी काही होणार नाही, हे त्यांना पाठ झालं होतं.

रिटायर झाल्यावर साइट गेली, चेकलिस्ट राहिली. घरात बेसमेंटच्या जिन्याला पिवळ्या-काळ्या पट्ट्या आल्या. गाडीला विंटर टायर्स सप्टेंबरातच लागायला लागले. फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर तारीख आली, आणि एकदा जयंतीनं तिच्याच हातच्या लिंबाच्या लोणच्यावर 'तपासणी बाकी' असं लिहिलेलं वाचलं. तिनं ती चिठ्ठी काढून नंदकुमारांच्या चष्म्याच्या केसवर चिकटवली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, कोथिंबीर निवडता निवडता जयंती म्हणाली, "मी स्कूबाच्या कोर्सला नाव घातलंय."

"कसला कोर्स?"

"पाण्याखाली जायचा. पाठीवर टाकी घेऊन."

"कशाला?"

"बघायला."

"काय बघायला?"

"ते गेल्याशिवाय कसं कळणार?" जयंतीनं देठं गोळा केली आणि ती उठली.

नंदकुमार मूळचे बार्शीचे. त्यांच्या लहानपणी नळाला चार दिवसांआड पाणी यायचं. पाणी ही भरून ठेवायची वस्तू आहे, आत शिरायची नव्हे, अशी त्यांची घडण होती. जयंती वेंगुर्ल्याची. तेराव्या वर्षापर्यंत ती भावांबरोबर समुद्रात पडलेली असायची. मग एक दिवस आजीनं सांगितलं, आता पुरे. ते पुरे झालं ते झालंच. पुढे बीएस्सी, लग्न, आणि एकोणनव्वद साली कॅल्गरी, जिथून समुद्र गाठायचा तर आधी अख्खी डोंगररांग ओलांडावी लागते. एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तिनं अठ्ठावीस वर्षं लोकांचं रक्त तपासलं आणि गेल्या ऑक्टोबरात ती रिटायर झाली. हे सगळं नंदकुमारांना माहीत होतं. पण एखाद्या गावाचं नाव माहीत असावं आणि तिथे कधी जाणं झालेलं नसावं, तसं.

त्यांनी वॉनला राहणाऱ्या मुलीला फोन लावला. ईशिता नेहमीसारखी गाडी चालवत होती.

"आई वेडेपणा करतेय," ते म्हणाले. "त्रेसष्ट वय आहे तिचं."

"सो? शी इज फिट, बाबा. लेट हर."

"थंड पाण्यात बुडी मारायची म्हणजे काय गंमत आहे का? मी वाचलंय सगळं."

"ऑफ कोर्स वाचलं असणार तुम्ही," ईशिता म्हणाली. ती क्वचित मराठीत बोलायची, आणि बोलली की ते टोचायचं. "मग तुम्ही पण जा ना तिच्याबरोबर."

ती हे चेष्टेनं म्हणाली होती. नंदकुमारांनी मात्र ते मनावर घेतलं. जिथे धोका आहे तिथे माणूस हजर हवा, हे तर त्यांच्या एकतीस वर्षांच्या नोकरीचं सार होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनीही नाव घातलं. "मी फक्त सेफ्टी बघायला येतोय," असं त्यांनी जयंतीला बजावलं.

शिकवणारी मुलगी होती जोसियान. मूळची फ्रेंच बोलणाऱ्या लव्हाल शहराची, वय सत्तावीस, बर्फाच्या आणि पाण्याच्या ओढीनं पश्चिमेला आलेली. तिच्या इंग्रजीला फ्रेंचची धार होती आणि नंदकुमारांच्या इंग्रजीला बार्शीची, त्यामुळे दोघांनाही एकमेकांचं प्रत्येक वाक्य दोनदा ऐकावं लागायचं. ती त्यांना 'मेस्यू नॉन्डू', म्हणजे नंदूसाहेब, म्हणायची. पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं की दोनशे मीटर पोहून दाखवावं लागेल, कुठल्याही पद्धतीनं, वेळेचं बंधन नाही.

नंदकुमारांना पोहता येत होतं, पण ते रेक सेंटरच्या उथळ तलावात पन्नाशीनंतर डॉक्टरच्या सांगण्यावरून शिकलेलं पोहणं होतं. वेळेचं बंधन नाही या वाक्याचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला. जयंती आठ मिनिटांत बाहेर आली, तिनं केस पुसले, टॉवेल वाळत टाकला, जोसियानशी गप्पा मारल्या. एकविसाव्या मिनिटाला नंदकुमारांचा हात भिंतीला लागला. जोसियाननं टाळ्या वाजवल्या. लाइफगार्ड उभा राहिला होता, तो खाली बसला.

लेखी परीक्षेत मात्र नंदकुमारांना शंभरपैकी शंभर मिळाले. पुस्तक त्यांनी तीनदा वाचलं, त्यातल्या दोन छपाईच्या चुका प्रकाशकाला कळवल्या, आणि पाण्याखालच्या हाताच्या खुणांचा एक तक्ता तयार करून, प्लास्टिकमध्ये घालून सगळ्या वर्गाला वाटला. कारण पाण्याखाली बोलता येत नाही, सगळं हातानं सांगावं लागतं. तक्त्यात पहिलीच खूण लाल अक्षरात होती. अंगठा वर म्हणजे 'छान' नव्हे. अंगठा वर म्हणजे 'मला वर जायचंय'. एकानं अंगठा वर केला की सगळ्यांनी वर यायचं. का, कशाला, हे तिथे विचारायचं नाही. सगळं ठीक आहे असं सांगायचं असेल तर अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल करायचा.

"किती छान केलंय," जोसियान म्हणाली आणि तिनं तो तक्ता दुकानाच्या भिंतीवर लावला.

जूनच्या शेवटी खरी परीक्षा होती. कॅल्गरीच्या दक्षिणेला अडीच-तीन तासांवर, डोंगरांच्या कुशीत, नॅशनल पार्कमध्ये एक तळं आहे. त्याच्या एका शांत खाडीत, वीस मीटर खाली, 'एडिथ' नावाची वाफेवर चालणारी बोट शंभर वर्षांहून अधिक काळ बसून आहे. तिथे दोन दिवसांत दोन बुड्या मारायच्या. पहिली शनिवारी, दुसरी रविवारी.

वाटेत गाडीत नंदकुमारांनी विचारलं, "बुडाली तेव्हा किती माणसं गेली?"

गाडी जोसियान चालवत होती. "कुणीच नाही," ती म्हणाली. "आधी ती लाकडाचे ओंडके ओढायची. मग ती म्हातारी झाली, तेव्हा तिच्यावर चहाचं हॉटेल काढलं. ते पण चालेना. मग एक दिवस मालकानंच तिला भोक पाडून बुडवलं. जागा अडवत होती म्हणून."

"म्हणजे वादळ नाही, काही नाही?"

"नाही. चहा फक्त."

नंदकुमार थोडे नाराज झाले. चार महिने अभ्यास करून माणूस एका चहाच्या हॉटेलासाठी जीव धोक्यात घालणार, हे त्यांना हिशेबात बसेना. मागच्या सीटवर जयंती खिडकीला नाक लावून डोंगर बघत होती.

जूनमध्येही त्या तळ्याचं पाणी सात अंशांचं असतं. अशा पाण्यात साधा पोशाख चालत नाही, ड्रायसूट लागतो. ड्रायसूट म्हणजे गळ्यापासून पायापर्यंत एकच पोतं. गळ्याशी आणि मनगटाशी रबराच्या घट्ट पट्ट्या, पाठीवर आडवी जाडजूड चेन, आणि आत हवा, म्हणजे पाणी आत येत नाही. हा सूट नंदकुमारांना घालायला चाळीस मिनिटं लागली. आत त्यांनी थर्मलचे दोन जोड, जयंतीनं विणलेला स्वेटर आणि ईशिताची कॉलेजातली स्कीइंगची पँट घातली होती. डोकं गळ्याच्या रबरातून बाहेर येताना कान आधी अडकले, मग नाक, आणि शेवटी ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा नुकत्याच जन्मलेल्या मुलासारखा लाल आणि रागीट होता.

"कसं वाटतंय?" जयंतीनं विचारलं.

"तपासणी बाकी," असं काहीतरी ते पुटपुटले, पण गळ्याच्या पट्टीमुळे आवाज नीट फुटला नाही.

इतकी हवा आत घेऊन माणूस बुडणार कसा, म्हणून कमरेला शिशाचे तुकडे बांधतात, दोन-दोन पौंडांचे. जोसियाननं दोघांना पाण्यात उभं करून वजनं ठरवली. नंदकुमारांना तीस पौंड, जयंतीला चौतीस.

"माझा डॉक्टर सात वर्षं मला वजन उतरवायला सांगतोय," जयंती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "ही पहिलीच बाई भेटली जी वाढवायला सांगतेय."

काठापासून शंभर मीटरवर एक पिवळा बोया तरंगत होता. त्याच्या खालून एक दोर थेट बोटीपर्यंत गेलेला. तिघं पोहत तिथवर गेले, एकमेकांना गोल करून दाखवला आणि दोराला धरून खाली निघाले.

नंदकुमारांची पहिली भावना अशी झाली की आपल्याला कुणीतरी विहिरीत सोडलंय. ते तीस पौंड त्यांना खाली ओढत होते. तोंडातल्या रेग्युलेटरमधून हवा येत होती, पण दर श्वासाला त्यांना वाटायचं, हा आला, पुढचा येईलच कशावरून? गाल गारठून बधिर झाले. हिरवं पाणी निळं झालं, निळं काळपट झालं. आणि मग खालच्या अंधारातून, काही न सांगता, एकदम बोट आली.

ती दोन मजली घराएवढी होती. एका अंगाला जरा कललेली, कठडे शाबूत, खिडक्यांच्या चौकटी शाबूत, काचा नाहीत. त्या खिडक्यांच्या आत पाणी होतं आणि बाहेरही पाणीच होतं. नंदकुमारांच्या मनात उगाच आलं, हिच्यावर कुणीतरी सकाळी चहाच्या टेबलांवर फडकं मारत असेल, 'या, बसा' म्हणत असेल. आणि ती जागा आता इथे आहे, आणि मी तिच्या डोक्यावर लटकतोय. छातीत धडधडायला लागलं. हवेच्या बुडबुड्यांचा आवाज वाढला, तेव्हा कळलं की तो आपल्याच श्वासांचा आहे. पुढे जयंती होती. तिनं हात पसरले होते, ती त्या कठड्याकडे पक्ष्यासारखी जात होती, आणि तिनं मागे वळून नवऱ्याला हातानं बोलावलं.

नंदकुमारांचा अंगठा वर गेला.

जोसियाननं तो पाहिला, आपलाही अंगठा वर केला, जयंतीला दाखवला. जयंती कठड्यापासून हातभर अंतरावर होती. ती क्षणभर तशीच राहिली. मग तिनंही अंगठा वर केला, आणि तिघं सावकाश, नियमाप्रमाणे पाच मीटरवर तीन मिनिटं थांबून, वर आले.

"काय झालं मेस्यू नॉन्डू?" बोयाला धरून जोसियाननं विचारलं. "कान दुखले? हवा कमी?"

नंदकुमारांना खरं सांगायचं होतं. पण जयंती मास्क कपाळावर सरकवून त्यांच्याकडे बघत होती, आणि त्यांच्या तोंडून निघालं, "नाही, नाही. बोट छान आहे, असं म्हणायचं होतं. सवयीनं अंगठा गेला."

जोसियान आधी त्यांच्याकडे बघत राहिली. मग ती हसायला लागली ते काठापर्यंत हसत राहिली. तक्ता करणाऱ्या माणसानंच ती लाल अक्षरातली चूक करावी, याहून मजेदार गोष्ट तिनं ऐकली नव्हती. संध्याकाळी मोटेलच्या अंगणात तिनं ती इतर दोन डायव्हर मंडळींना सांगितली. तेही येऊन नंदकुमारांना अंगठे दाखवून गेले. नंदकुमारांनी सगळं हसून घेतलं. भित्रा ठरण्यापेक्षा विसरभोळा ठरलेलं बरं, असा त्यांचा हिशेब होता.

जयंती हसली नाही. तिनं डब्यातली मेथीची पोळी त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "उद्या मी जोसियानबरोबर जाते. तुम्ही काठावर थांबा. तिथून पण सेफ्टी बघता येते."

"मी येणार आहे."

"अहो, नसेल यायचं तर नका येऊ. मी काही म्हणणार नाही."

"विसरलो होतो मी, जयंती. सांगितलं ना?"

"बरं," ती म्हणाली. "मग उद्या विसरू नका."

अडतीस वर्षांच्या संसारात तिच्या 'बरं'चे सात-आठ प्रकार नंदकुमारांच्या ओळखीचे झाले होते. हा त्यातला नव्हता.

सकाळी जोसियान म्हणाली, आज तपासणी मेस्यू नॉन्डू करतील, त्यांच्याएवढी नीट कुणी करत नाही. त्यांना बरं वाटलं. त्यांनी यादी हातात घेतली आणि एकेक बघत गेले. टाकीतली हवा, जयंतीच्या सूटची पाठीवरची चेन, दोघींची बकलं, दोघींची वजनं. मग स्वतःचं सगळं. आणि 'वजन' या शब्दापाशी त्यांचं पेन्सिल धरलेलं बोट थांबलं. काल आपल्याला खाली ओढलं ते या शिशानं. थोडं कमी असतं तर आपण सावकाश गेलो असतो, घाबरलोच नसतो. आणि तरंगणारा माणूस हा बुडणाऱ्या माणसापेक्षा केव्हाही सुरक्षित, हे तर कुणालाही पटावं. दोघी मास्क धुवायला पाण्याकडे वळल्या, तेवढ्यात त्यांनी पट्ट्यातले तीन तुकडे काढले, गाडीच्या चाकामागे ठेवले, आणि यादीत 'वजन'समोर बरोबरची खूण केली.

एकतीस वर्षांत त्यांनी खोटी खूण केली नव्हती. पेन्सिल त्यांनी घाईनं खिशात टाकली.

खाली जाणं आज वेगळं होतं. दोराला धरून त्यांना स्वतःला खाली खेचावं लागत होतं. मनाला मात्र बरं वाटत होतं, आज आपण जातोय, कुणी ओढत नाहीये. जोसियाननं एकदा भुवई उंचावून त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी लगेच गोल दाखवला. खोल गेल्यावर सूट अंगाला चेपला तसं तरंगणंही कमी झालं, आणि ते बोटीपाशी पोचले तेव्हा बऱ्यापैकी सरळ होते.

आणि बोट आज तेवढी भयानक वाटेना. वरून ऊन येत होतं. कठड्यावर हिरवट साय धरली होती. जयंती एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीकडे जात होती. आत शिरायचं नाही हा नियम होता, म्हणून ती चौकटीला हात न लावता नुसती डोकावत होती, शेजारणीच्या नव्या स्वयंपाकघरात डोकवावं तशी. पंधरा-वीस मिनिटं अशी गेली. नंदकुमारांच्या टाकीतली हवा जसजशी कमी होत होती तसतशी टाकी हलकी होत होती. थंडी वाजायला लागली म्हणून त्यांनी सूटमध्ये थोडी हवा भरली. मग आणखी थोडी. मग एका खिडकीत काय आहे ते बघायला ते खाली वाकले.

सूटमधली सगळी हवा पायांकडे धावली. पाय फुग्यासारखे फुगले आणि वर निघाले. नंदकुमारांना कळलं तेव्हा ते पूर्ण उलटे झाले होते आणि वर चालले होते. हातात आला तो बोटीचा कठडा त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट पकडला. आता दृश्य असं होतं की खाली डोकं, वर पाय, आणि कठड्याला लटकलेले पिंगळे. सोडलं तर बुचासारखे थेट वर. आणि इतक्या खोलातून भराभर वर गेलेल्या माणसाची फुप्फुसं फाटू शकतात, हे त्यांनी पुस्तकात तीनदा वाचलं होतं.

समोर खिडकीत एक मासा होता. मोठा, करड्या रंगाचा, हनुवटीला एक मिशी. तो बहुधा रोज तिथेच बसत असावा. त्यानं नंदकुमारांना उलट्या बाजूनं नीट पाहून घेतलं आणि हलायचं काही कारण त्याला दिसलं नाही.

आश्चर्य असं की नंदकुमार घाबरले नाहीत. काल काही झालेलं नसताना छाती फुटायला आली होती. आज खरोखर झालं होतं, आणि डोकं स्वच्छ होतं. बिघाड काय, कारण काय, जबाबदार कोण, सगळं त्यांना कळत होतं. जबाबदार कोण हे जरा जास्तच कळत होतं. त्यांनी एक हात कठड्यावर ठेवून दुसऱ्यानं शिस्तीत खूण केली, 'काहीतरी बिघडलंय', आणि मग कमरेच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं.

जयंती जवळच होती. जोसियाननं त्यांच्या खांद्याला धरून ठेवलं. जयंतीनं पट्टा चाचपला, तुकडे मोजले आणि मास्कच्या काचेतून नवऱ्याच्या उलट्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग ती खाली गेली. बोटीशेजारच्या तळावरून तिनं एक दगड उचलला, मुठीएवढा, आणि आणून नंदकुमारांच्या सूटच्या मांडीवरच्या खिशात कोंबला. पुन्हा खाली गेली, आणखी एक आणला. ती इतक्या सहज वर-खाली करत होती, की तिचे पाय हलताना दिसतच नव्हते. ग्रोसरीच्या पिशव्या गाडीत लावाव्यात तसे, मोठे खाली, छोटे वर, असे नऊ दगड तिनं दोन्ही खिशांत बसवले. जोसियाननं त्यांचे गुडघे पोटाशी दाबले, त्यांना सूटमधली हवा बाहेर सोडायचं बटण दाबायला लावलं, आणि दोघींनी मिळून त्यांना पलटी मारली. पिंगळे सरळ झाले.

सरळ झाल्यावर त्यांनी दोघींना गोल करून दाखवला. मग जयंतीला पुन्हा एकदा दाखवला.

वर यायच्या आधीच्या त्या तीन मिनिटांत, पाच मीटरवर दोराला धरून, जयंतीचे खांदे हलताना त्यांना दिसले. थंडीनं असेल असं वाटलं. बुडबुडे बघितल्यावर कळलं, ती हसतेय.

काठावर आल्यावर जोसियाननं पट्टा काढून मोजला. "चोवीस," ती म्हणाली. या वेळी ती हसत नव्हती. "मेस्यू नॉन्डू, यादीत तीस आहेत. तुमच्या अक्षरात."

नंदकुमारांनी चाकामागचे तीन तुकडे आणून तिच्या हातात दिले. "मी काढले होते," ते म्हणाले. "काल मी विसरलो नव्हतो. घाबरलो होतो. आज पुन्हा घाबरू नये म्हणून हे केलं. आणि यादीत खोटं लिहिलं. यात तुमची काही चूक नाही, हवं तर मी लिहून देतो."

"लिहून नको," जोसियान पटकन म्हणाली. आणि मग, "पुढच्या वेळी घाबरलात तर अंगठा दाखवा. त्याच्यासाठीच तो आहे. कारण मला वर आल्यावर पण नको."

ती टाक्या उचलायला गेली. नंदकुमार जयंतीकडे वळले. "तुला काल कळलं होतं?"

"अहो, काल तुमचे डोळे मास्कच्या बाहेर येत होते," जयंती म्हणाली. "मला त्याचं काही नाही. भीती वाटते माणसाला. मला राग आला तो तुम्ही बोट छान आहे म्हणालात त्याचा. मी बोटीला हात लावायला हातभर राहिले होते."

"हात लावायचा नसतो," नंदकुमार म्हणाले.

जयंतीनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि दोघांनाही एकदमच हसू आलं.

तिनं त्यांच्या पाठीवरची चेन उघडून दिली, म्हणजे जरा मोकळं वाटेल. ते सूट उतरवणार तोच जोसियान परत आली. "दगड," ती म्हणाली. "हे नॅशनल पार्क आहे. इथला एक खडा पण बाहेर न्यायचा नाही."

नियम म्हटल्यावर नंदकुमार ताठ झाले. दगड घरी न्यायचा त्यांचा विचार नव्हताच, पण काठावर कुठेही टाकून देणं त्यांना पटेना. जिथून उचलले तिथे नाही, तरी निदान पाण्यात गेले पाहिजेत. ते वळले आणि एकटेच पाण्यात चालू लागले. गुडघ्याइतकं, मांडीइतकं, कमरेइतकं. मागून जयंती काहीतरी ओरडत होती. डोक्यावरच्या रबरी टोपीतून नीट ऐकू येत नव्हतं. ती कौतुक करत असावी, असं समजून त्यांनी मागे न बघता हात हलवला. मग खिशातला पहिला दगड काढून, तो अलगद तळावर ठेवण्यासाठी, ते खाली वाकले.

पाठीवरची चेन उघडी होती. सात अंशांचं तळं त्या दारातून आत आलं.

नंदकुमारांच्या तोंडून जे निघालं ते एकोणनव्वद सालानंतर कॅल्गरीच्या आसपास कुणी ऐकलं नसावं. ते शुद्ध बार्शीचं होतं. जोसियाननं नंतर जयंतीला त्याचा अर्थ विचारला, आणि जयंतीनं सांगितलं, "पाणी गार आहे, असं म्हणाले." सूटचे पाय दोन रांजणांसारखे भरले. त्यांना पाऊल उचलता येईना. पण त्यांनी तोल सावरला आणि उरलेले आठ दगड एकेक करून, दात वाजवत, मोजत, तळावर ठेवले. मगच त्यांनी अंगठा वर केला.

दोघी बायका पाण्यात धावल्या. एकीनं एक काख धरली, दुसरीनं दुसरी, आणि ओढत ओढत काठावर आणलं. पालथं घालून पाय वर केले तेव्हा सूटमधून बादल्याच्या बादल्या पाणी निघालं, त्याबरोबर ईशिताच्या स्कीइंगच्या पँटच्या खिशातलं दहा वर्षांपूर्वीचं एक च्युइंगगमही.

दुपारी, गाडीचा हीटर पूर्ण सोडून, जयंतीच्या शालीत गुंडाळून ते बसले होते तेव्हा ईशिताचा फोन आला.

"सो? हाऊ वॉज द शिप, बाबा?"

नंदकुमारांनी आधी बोटीबद्दल सांगायला सुरुवात केली. वरचा मजला शाबूत आहे, कठडा भक्कम आहे, स्वतः तपासला. मग ते थांबले. बाहेर तळ्याच्या काठी जयंती अनवाणी उभी होती. तिनं सलवार पोटरीपर्यंत वर केली होती आणि त्या गार पाण्यात ती घोट्यापर्यंत उगाच येरझारा घालत होती.

"ईशिता," ते म्हणाले, "तुझ्या आईला फार सुंदर पोहता येतं गं."

"आय नो, बाबा," ईशिता म्हणाली. "मला तिनंच शिकवलं. दर शनिवारी. तुम्ही साइटवर असायचात."

नंदकुमारांनी गाडीची काच खाली केली. थंड वारा आत आला, तरी ती तशीच उघडी ठेवून ते जयंतीकडे बघत बसले.